आईने माझं सॅम्पल तळलं त्याची गोष्ट

तर झालं असं की ज्या पापलेटचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम मी वाचत होते, तो पापलेट आमच्या आईने रवा लावून तळला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला. मी पण खाल्ला. चांगला होता.

हे मी लॅबमध्ये जवळजवळ सात महिने कोणाला सांगितलं नव्हतं. आता सगळं निस्तरलंय म्हणून इथे लिहितेय. आणि बरेच जण विचारतात की तू नक्की करतेस काय, त्यांनाही एकदाच उत्तर मिळेल.

सुरुवातीपासून सांगते. रविवार होता, पहाटे सातपाटी बंदरावर गेले. पालघरला घर असल्याचा एवढा एक फायदा, मासा बोटीतून उतरतानाच मिळतो. मार्केटमधल्या माशाचा भरवसा नसतो, किती दिवस बर्फात होता आणि कुठल्या किनाऱ्याचा होता हे विकणाऱ्या मावशीलाही धड माहीत नसतं. मला जागा आणि तारीख दोन्ही पक्कं हवं होतं. दालदीवाल्या (दालदी म्हणजे मासा डोळ्यांत अडकवणारं जाळं) एका काकांकडून तीन पापलेट घेतले, भाव विचारू नका. ते बिल नंतर ऑफिसात दिलं तर तिथल्या साहेबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, मॅडम हे जेवणाचं बिल संशोधनाच्या खात्यात कसं काय टाकू. मी म्हणलं अहो ते सॅम्पल आहे. ते म्हणाले सॅम्पल असं कुठे लिहिलंय, इथे तर "पापलेट ३ नग" लिहिलंय. त्यांचं चूक नव्हतंच म्हणा.

घरी येऊन पेपर अंथरला, कात्री स्पिरिटने पुसली, एका माशाचा छातीकडचा पर थोडा कापला आणि कातडीखालचं चण्याएवढं मांस काढून इथेनॉलच्या ट्यूबमध्ये टाकलं. ट्यूबवर नंबर, तारीख, सगळं व्यवस्थित. आणि उरलेला मासा पिशवीत घालून फ्रीझरला, सोमवारी लॅबला न्यायचा म्हणून. पिशवीवर मात्र काही लिहिलं नाही. संध्याकाळी वसईहून मामा आला, न सांगता, नेहमीसारखाच. मी मैत्रिणीकडे होते. परत आले तर घरभर वास आणि ताटात तीन पापलेट.

"अगं तो एक माझा होता!"

"मग घे ना, तुझ्यासाठी ठेवलाय."

"तसं नाही, तो लॅबचा होता!"

"मला काय माहीत? पिशवीवर नाव घातलं होतंस का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि तेव्हा मला वाटलं की जाऊ दे, ट्यूबमध्ये तुकडा आहे ना, डीएनए तर त्यातूनच काढायचाय, बाकीच्या माशाचं काय करायचंय. म्हणून जेवायला बसले. तेव्हापासून आई फ्रीझरमधली प्रत्येक पिशवी वर धरून विचारते, हे खायचं की शिकायचं?

आता मायटोकॉन्ड्रियल जीनोम म्हणजे काय ते. पेशीचा मुख्य डीएनए केंद्रकात असतो, पण पेशीतली वीजघरं म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, त्यांचा स्वतःचा एक छोटासा वेगळा डीएनए असतो, गोल, बांगडीसारखा. माशांमध्ये त्याची लांबी साधारण साडेसोळा हजार अक्षरं, म्हणजे ए, टी, जी, सी. माणसाचाही तेवढाच, १६,५६९. त्यात ३७ जीन्स: १३ प्रोटीनचे, २२ टीआरएनएचे, दोन आरआरएनएचे (हे दोन्ही प्रोटीन बनवायला लागणारे आरएनए), आणि एक रिकामी पट्टी जिला कंट्रोल रीजन म्हणतात, लॅबमध्ये सगळे डी-लूपच म्हणतात. हे ३७ जीन्स इतके दाटीवाटीने बसलेत की काही ठिकाणी एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर येतं, एटीपी८ आणि एटीपी६ हे दोन जीन्स दहाएक अक्षरं आपसात वाटून घेतात. विरारच्या लोकलसारखं, एक सीट तिघांत. आणि डीएनएच्या दोन पट्ट्यांपैकी बहुतेक सगळे एकाच पट्ट्यावर, फक्त एनडी६ आणि आठ टीआरएनए उलट्या पट्ट्यावर बसलेले.

आणि हा डीएनए आईकडूनच येतो. तर आईकडून आलेला मायटोकॉन्ड्रिया आईनेच तळला, हा जोक लॅबमध्ये मी सोडून सगळ्यांनी करून झालाय.

पापलेटच का, तर सरळ कारण म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. शेकरू राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, तसा पापलेट राज्यमासा. सातपाटीच्या कोळ्यांची ही मागणी होती, कारण पापलेट कमी कमी होत चाललाय आणि डोल जाळ्यांत (पिशवीसारखी, बारीक डोळ्यांची) बोटभर पिल्लं मरतात. मग आमच्याकडे विषय निघाला की राज्यमाशाचा आपल्या किनाऱ्यावरून पकडलेला, नीट पुराव्यासकट पूर्ण मायटोजीनोम (मायटोकॉन्ड्रियल जीनोमचं लघुरूप) असायला हवा. गाईड मॅडमनी माझ्याकडे बघितलं. पालघरची कोण आहे इथे, मीच.

पण पापलेट म्हणजे कुठला मासा? हसू नका, हा खरंच प्रश्न आहे. आपण लहानपणापासून पुस्तकात वाचलं की पापलेट म्हणजे पॅम्पस अर्जेंटियस. अर्जेंटियस म्हणजे चंदेरी. हे नाव स्वीडनच्या युफ्रासेनने १७८८ मध्ये दिलं आणि ते दिलं चीनच्या किनाऱ्यावरच्या माशाला. पुढची दोनशे वर्षं अरबी समुद्रापासून जपानपर्यंत जो दिसेल तो चंदेरी चपटा मासा, त्याला लोक अर्जेंटियस म्हणत गेले. मग डीएनए आल्यावर लक्षात आलं की हे सगळे एक नाहीत. २०१३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी मूळ जागेवरचे मासे गोळा करून त्यातला एक नवीन प्रमाण नमुना म्हणून ठरवला, कारण युफ्रासेनचा मूळ मासा आज कुठेच नाही. (बहुतेक त्याच्याकडेही मामा आला असणार.) आणि २०१९ मध्ये आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की उत्तर हिंदी महासागरातला, म्हणजे आपला पापलेट, त्या चिनी माशापेक्षा वेगळी जात आहे, आणि तिला फ्रान्सच्या कुव्हिएने १८२९ मध्येच एक नाव देऊन ठेवलं होतं जे सगळे विसरून गेले होते: कॅन्डिडस. पांढराशुभ्र. तर आपला पापलेट पॅम्पस कॅन्डिडस. १९० वर्षं तो दुसऱ्याच्या नावाने विकला गेला, खाल्ला गेला, पेपरात छापला गेला. माशाला फरक पडला नाही, आमच्यासारख्यांना पडतो.

बंदरावर याचं काही नाही. तिथे पापलेट वेगळा, कापरी वेगळी आणि हलवा वेगळा, विषय संपला. कापरी म्हणजे पॅम्पस चायनेन्सिस, अंगाने रुंद, पर आखूड, शेपटीची दोन्ही टोकं सारखी. पापलेटच्या शेपटीचं खालचं टोक लांब असतं आणि पाठीच्या पराच्या पुढे बारीक पात्यांसारखे काटे असतात, बोट फिरवलं तर लागतात. मला हे काकांनी दाखवलं, नंतर पुस्तकातही तेच सापडलं. पण कॅन्डिडस आणि अर्जेंटियस यांतला फरक काकांना विचारण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्या जाळ्यात चिनी मासा येतच नाही, त्यांनी फरक करायचा कशात? तो फरक ओळखायचा तर परांचे काटे मोजायचे, कल्ल्यावरच्या दात्या मोजायच्या, एक्स-रे काढून मणके मोजायचे. आणि हे सगळं करायला मासा लागतो.

मासा! जो आम्ही खाल्ला.

पण हे अजून कोणाला माहीत नव्हतं, आणि मी पुढे कामाला लागले. तुकडा बारीक करून प्रोटीनेज-के (मांस विरघळवणारं एन्झाइम) टाकून ५६ डिग्रीवर रात्रभर ठेवायचा, सकाळी मांस विरघळून पाणी झालेलं असतं. मग फिनॉल-क्लोरोफॉर्म, सेंट्रिफ्यूज, वरचा थर हळूच उचलायचा, थंड इथेनॉल टाकलं की डीएनए पांढऱ्या धाग्यासारखा खाली येतो. हे मी शंभरदा केलंय तरी तो धागा दिसला की बरं वाटतं. जेलवर चालवलं (तुटके तुकडे खाली पळतात, अख्खे वर राहतात), वरती एक जाड पट्टी, खाली धूर नाही, म्हणजे डीएनए तुटलेला नाही. ताज्या माशाचा हा फायदा. एकदा मी मार्केटमधल्या बांगड्याचा काढला होता, जेलवर नुसता झाडूने सारवल्यासारखा फराटा.

पूर्वी हे काम फार किचकट होतं. जपानच्या चिबामधले मासाकी मिया आणि त्यांचे सहकारी निशिदा यांनी १९९९ मध्ये एक पद्धत काढली की आधी लाँग पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या लांब तुकड्यांच्या भरपूर प्रती काढून, अख्खी बांगडी दोन-तीन मोठ्या तुकड्यांत वाढवायची आणि मग त्यातले छोटे तुकडे भरपूर प्रायमर (कुठून वाचायचं ते दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून एकेक करून वाचायचे. त्या पद्धतीने जगभरच्या माशांचे मायटोजीनोम निघाले. आमच्या सिनियर ताईने तसं केलेलं, तिच्या फ्रीजमध्ये अजून प्रायमरचे डबे पडलेत. आता आम्ही सरळ सगळा डीएनए बारीक तुकडे करून मशीनला देतो, मशीन दोन्ही टोकांकडून १५०-१५० अक्षरं वाचतं, अशा एका वाचनाला रीड म्हणतात, आणि मग त्या ढिगाऱ्यातून मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे वेचायचे. हे परवडतं कसं तर पेशीत केंद्रकाच्या डीएनएच्या दोनच प्रती असतात पण मायटोकॉन्ड्रियाच्या शेकडो, हजारो. माझ्याकडे साधारण २ कोटी रीड्स आले, त्यातले हजारात तीनेक मायटोकॉन्ड्रियाचे. ऐकायला कमी वाटतं, पण हिशोब करा, ६० हजार रीड्स गुणिले १५० म्हणजे ९० लाख अक्षरं, आणि बांगडी साडेसोळा हजारांची, म्हणजे प्रत्येक अक्षर पाचशेपेक्षा जास्त वेळा वाचून झालं. तेवढ्याच पैशात केंद्रकाचा जीनोम धड पाच-सहा वेळाही वाचून होत नाही.

(डेटा यायला लागलेल्या वेळेबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांना आम्ही सॅम्पल पाठवलं त्यांनी तीन आठवडे सांगून अडीच महिने लावले आणि मध्ये एकदा "तुमचं पार्सल आमच्याकडे आलंच नाही" असा मेल पाठवला, पार्सल त्यांच्याच सिक्युरिटी केबिनमध्ये होतं. नाव घेत नाही. पुढच्या वेळीही त्यांच्याकडेच पाठवावं लागलं.)

जुळवायचं काम मला सगळ्यात आवडतं. नोव्होप्लास्टी नावाचा प्रोग्राम आहे, त्याला एक बी द्यायचं, म्हणजे एक छोटा ओळखीचा तुकडा, मी सीओआय जीनचा (तेरा प्रोटीनच्या जीन्सपैकी एक) दिला. तो त्या बीच्या टोकाशी जुळणारा रीड शोधतो, जोडतो, मग त्याच्या टोकाशी जुळणारा, असं करत पुढे जातो, गोधडी शिवल्यासारखं, आणि फिरून परत स्वतःच्याच सुरुवातीला येऊन पोचला की म्हणतो, गोल झालं. माझं रात्री साडेअकराला गोल झालं. घरात सगळे झोपलेले, मी एकटीच किचनमध्ये जाऊन चहा केला. सकाळी मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, जोडलंय तिथला सांधा सँगरने (एकेक तुकडा वाचायची जुनी पद्धत) वाचून बघ. बरोबरच होतं त्यांचं. डी-लूपमध्ये बऱ्याच माशांत एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि १५० अक्षरांचा रीड त्या आवर्तनापेक्षा छोटा असला तर प्रोग्रामला कळत नाही की तो तुकडा तीनदा आहे की सातदा. मग दोन बाजूच्या जीन्सवर प्रायमर लावून तेवढा भाग वेगळा वाढवून वाचला. जुळलं.

मग आली माझी सगळ्यात मूर्ख संध्याकाळ. बांगडी मिळाली, आता जीन्स कुठून कुठे आहेत ते आखायचं. मायटोस आणि जपानचं मायटो-ॲनोटेटर हे आखणी करणारे प्रोग्राम, दोन्हीकडे टाकलं, सगळं सुरळीत. पण मला स्वतःच्या हाताने तपासायची खाज, म्हणून सीओआयचं प्रोटीनमध्ये भाषांतर केलं, तर मध्येच स्टॉप, पुढे परत स्टॉप. जीनच्या मध्ये स्टॉप म्हणजे प्रोटीन बनणारच नाही, म्हणजे हा खरा जीन नाही. माझ्या पोटात गोळा. कारण अशी एक भानगड असते: मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचे तुकडे लाखो वर्षांत कधीकधी केंद्रकात जाऊन चिकटतात आणि तिथे मेल्यासारखे पडून राहतात, बिघडत जातात. त्यांना नम्ट म्हणतात. मला वाटलं की मी नम्टच जोडत बसले, सगळं पाण्यात गेलं. रडायचीच बाकी होते. रात्री दहाला सिनियर ताईला फोन केला, तिने शांतपणे विचारलं, टेबल कुठलं लावलंस?

एक नंबर लावलं होतं.

म्हणजे असं की तीन अक्षरांचा एक शब्द आणि त्या शब्दाचं एक अमिनो ॲसिड, हा कोश केंद्रकासाठी एक आहे, पण पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियाची बोली थोडी वेगळी आहे, तिचा कोश दोन नंबरचा. केंद्रकाच्या भाषेत टीजीए म्हणजे थांबा, इथे टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन. उलट एजीए आणि एजीजी तिथे आर्जिनिन, इथे थांबा. मालवणी माणसाचं बोलणं मी पुण्याच्या शब्दकोशात शोधत बसले होते. दोन नंबर लावला, एकही स्टॉप मध्ये नाही. त्यातही गमती आहेतच, सीओआय जीन माशांत एटीजीऐवजी जीटीजीने सुरू होतो, आणि काही जीन्सना शेवटी पूर्ण स्टॉपच नसतो, नुसता एक टी असतो. आरएनए बनल्यावर त्याच्या शेपटीला ए-ए-ए-ए लागतात आणि तेव्हा टीएए पूर्ण होऊन थांबा तयार होतो. अर्धं वाक्य सोडायचं आणि समोरच्याने पूर्ण करायचं, आमच्या आजीसारखं. टीआरएनएचंही तसंच, २२ पैकी २१ नीट तीन पानी क्लोव्हरसारखे घडी पडतात आणि एका सेरीनच्या टीआरएनएला एक पानच नसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं आपलं चुकलं. नाही चुकलेलं, तो तसाच असतो.

ट्री, म्हणजे वंशवृक्ष, काढायचा दिवस मात्र मजेत गेला. इतर माशांचे मायटोजीनोम डाउनलोड करून पापलेट कुठल्या फांदीवर बसतो ते बघायचं. आता तुम्ही सांगा, थाळीत पापलेट, हलवा, बांगडा, सुरमई, वाकटी ठेवलेत, पापलेटचा जवळचा नातेवाईक कोण? कोणीही हलवा म्हणेल, दिसायला तसाच चपटा, इंग्रजीत ब्लॅक पॉम्फ्रेट. तर हलवा पॉम्फ्रेट नाहीच. तो कॅरँजिडी कुटुंबातला, वेगळ्याच घरातला. पापलेट निघतो बांगडा आणि सुरमईच्या गोतावळ्यातला, आणि ती पट्ट्यासारखी लांब वाकटीसुद्धा त्याच गोतावळ्यात! २०१३ मध्ये मिया मंडळींनीच हे मांडलं होतं की ट्यूना-बांगड्याचं कुटुंब आणि आणखी १४ कुटुंबं, दिसायला एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली, ही सगळी एकाच मुळातून निघालीत, डायनासोर संपल्यानंतरच्या काळात उघड्या समुद्रात झपाट्याने पसरलेली. हे घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले, भाव बघून वाटत नाही नातेवाईक.

पण त्याच ट्रीने माझं पितळ उघडं पाडलं. मी जेनबँकेतून (जगभरचे वाचलेले डीएनए, म्हणजे सिक्वेन्स, जिथे सगळ्यांसाठी जमा होतात) अर्जेंटियस नावाचे सगळे मायटोजीनोम घेतले होते. नाव एकच, मग एका फांदीवर यायला हवेत ना? ते आले वेगवेगळ्या फांद्यांवर. चीन-जपानकडे पॅम्पसच्या आणखी जाती आहेत, पिल्लं असताना सगळ्या एकसारख्याच दिसणाऱ्या, आणि कोणी कुठला मासा अर्जेंटियस म्हणून वाचला ते आता कळायला मार्ग नाही. हे आधीही लोकांनी पेपरात लिहिलंय, मी काही शोध लावला नाही, पण स्वतःच्या लॅपटॉपवर बघताना वेगळंच वाटतं. मॅडम म्हणाल्या, साधा उपाय आहे, त्या प्रत्येकाचा व्हाउचर नंबर बघ, कुठल्या म्युझियममध्ये मासा ठेवलाय ते. व्हाउचर म्हणजे किराणाच्या दुकानातलं असतं तसंच, पुरावा. सिक्वेन्स कागदावर, आणि ज्याचा तो सिक्वेन्स तो मासा बरणीत. उद्या कोणाला शंका आली तर बरणी उघडून मणके मोजता येतात. मी बघितलं, काहींना नंबर होता, काहींचा तो रकाना रिकामा. आणि जेनबँकेत चुकीचं नाव असेल तरी दुसऱ्याच्या नोंदीत जाऊन आपण ते खोडू शकत नाही, नाव बदलायचा हक्क ज्याने टाकलं त्याचा, आणि तो माणूस कधीच दुसऱ्या नोकरीला लागलेला असतो.

मी मनातल्या मनात त्या लोकांना शिव्या घालत होते. मासा सांभाळता येत नाही तर सिक्वेन्स कशाला करता वगैरे. आणि मग मॅडम म्हणाल्या, "आपला व्हाउचर नंबर काय?"

मी: "..."

"मासा कुठाय?"

"मॅडम, खाल्ला."

त्या काही बोलल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग विचारलं, कोणी. मी म्हणलं मी, आई, बाबा, मामा. फोटो तरी काढलास का? फोटो होता, पण पेपरवर ठेवलेला, स्केल नाही, आणि बाजूला मांजर.

नंतर त्यांनी जे सांगितलं ते मला चांगलं लक्षात राहिलं, कारण त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, १९८१ मध्ये केंब्रिजला सँगरच्या लॅबमध्ये माणसाचा पहिला मायटोकॉन्ड्रियल जीनोम वाचला, अख्ख्या जगाने तो प्रमाण मानला. १९९९ मध्ये तोच नमुना परत वाचला तेव्हा त्यात चुका सापडल्या, काही साध्या वाचण्यातल्या होत्या, आणि काही अशासाठी की मुख्य डीएनए एका बाईच्या वारेतला असला तरी मध्ये काही भाग हेला पेशींचा (लॅबमध्ये वाढवलेल्या दुसऱ्याच बाईच्या कॅन्सरच्या पेशी) आणि काही चक्क गाईचा होता. पण परत वाचता आलं, कारण मूळ नमुना जपून ठेवलेला होता. तुझा कुठे आहे?

हे फक्त नावाच्या हौसेसाठी नाही बरं का. आता लोक समुद्राचं एक लिटर पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून सांगतात की इथे कुठले मासे आहेत. त्यासाठी जे मायफिश प्रायमर वापरतात (२०१५, परत तेच मिया!) ते १२एस जीनमधला जेमतेम १७० अक्षरांचा तुकडा वाचतात आणि तो जेनबँकेतल्या नोंदींशी जुळवतात. नोंदीवर नाव चुकीचं असेल तर पाण्याचा रिपोर्टही चुकीचा, आणि त्या रिपोर्टवर उद्या कोणी पिल्लं कुठे वाढतात, बंदी कुठे घालायची हे ठरवणार. डोलवाल्यांना सांगणार, की तुम्ही इथे जाळं टाकू नका. त्यांनी विचारलं कशावरून, तर मी काय सांगू, ट्यूब आहे, मासा मामाने खाल्ला?

म्हणून परत सातपाटी. परत पहाट, तेच काका, या वेळी दोन पापलेट, आणि या वेळी थर्माकोलच्या डब्यातून थेट लॅब. मासा धुवून पर ताणून पिनांनी टोचून डावीकडून फोटो, स्केल आणि रंगपट्टी ठेवून. मासे नेहमी डाव्या कुशीचे काढतात, त्यामुळे तुकडा उजव्या कुशीतून घ्यायचा, म्हणजे फोटोतली बाजू शाबूत राहते. आणि तुकडा आधी घ्यायचा, मग मासा फॉर्मॅलिनमध्ये, उलट केलं तर डीएनए गेलाच म्हणून समजा. पर मोजले, पाठीवरची पाती मोजली, एक्स-रे काढून मणके मोजले, तीनदा, कारण दोनदा वेगळे आकडे आले. मग फॉर्मॅलिनमधून काढून ७० टक्के अल्कोहोलच्या बरणीत, आत लेबल, बाहेर लेबल. आतलं लेबल पेन्सिलने, कारण अल्कोहोलमध्ये पेनची शाई पसरते. एवढी एक गोष्ट मला आधीपासून माहीत होती.

दुसरा मायटोजीनोम तीन महिन्यांत हातात आला, पार्सल या वेळी हरवलं नाही. पहिल्याशी ताडून बघितला, थोड्याच अक्षरांचा फरक, तेवढा एकाच बंदरावरच्या दोन माशांत असतोच. म्हणजे आम्ही जो खाल्ला तोही कॅन्डिडसच. आईला सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं, चव पापलेटचीच होती.

जेनबँकेत सबमिट करताना रकाना आला, ऑर्गॅनिझम. त्यात टाइप केलं पॅम्पस कॅन्डिडस, खाली व्हाउचरच्या रकान्यात बरणीचा नंबर. जागा: सातपाटी. नंबर मिळालाय, पेपर छापून येईपर्यंत नोंद बंद ठेवलीय. पहिल्या माशाचा सिक्वेन्सही टाकायचा की नाही यावर लॅबमध्ये अजून वाद चालू आहे. मॅडम नाही म्हणतात, सिनियर ताई म्हणते टाक, फक्त व्हाउचरच्या रकान्यात खरं काय ते लिही. मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक पापलेट उरलाय, घरच्या फ्रीझरमध्ये, कारण लॅबच्या फ्रीझरला जागा नव्हती. पिशवीवर मार्करने तिन्ही बाजूंनी लिहिलंय. पण १ जूनला पावसाळी बंदी लागली, आता बाजारात मिळतो तो बाहेरचा बर्फातला, आणि काल कळलं की रविवारी मामा येतोय. म्हणून आज सकाळी मासा डब्यात घातला आणि निघाले. हे सगळं डहाणू लोकलमध्ये बसून टाइप करतेय, डबा मांडीवर. केळवे रोडला एक बाई शेजारी येऊन बसली, तिने डब्याकडे बघितलं, वास घेतला.

"पापलेट का गं? कितीला दिला?"

सांगितला भाव. म्हणाली, फसवलं तुला.